एलएचचा आकडा विचारण्याआधी दिवस विचारा

रिपोर्टवर ‘एलएच : ११.८’ असं छापलेलं असतं आणि शेजारी चार-पाच ओळींत वेगवेगळ्या रेंज. आपला आकडा त्यांतल्या कुठल्या ओळीशी लावायचा हे मात्र रिपोर्ट सांगत नाही. रक्त दिलं तो पाळीचा कितवा दिवस होता, हे बहुतेक वेळा लॅबला कुणी सांगितलेलंच नसतं. हाच ११.८ पाळीच्या दुसऱ्या दिवशीचा असेल तर पीसीओडीचा (संप्रेरकं बिघडून पाळ्या अनियमित होतात तो विकार) विचार मनात येतो. तेराव्या दिवशीचा असेल तर स्त्रीबीज सुटण्याआधीची एलएचची उसळी नुकतीच सुरू झाली असावी. सत्तेचाळिशीच्या बाईचा, चार महिने पाळी आलेली नसताना काढलेला असेल तर त्याचा अर्थ आणखी वेगळा. एलएचबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात ते ‘नॉर्मल किती?’. माझ्या मते त्याआधीचे प्रश्न तीन : कितवा दिवस, किती वाजता, आणि कोणती औषधं चालू होती.

एलएच म्हणजे ल्युटिनायझिंग हार्मोन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिच्या पुढच्या भागात ते तयार होतं. लॅटिनमध्ये ‘ल्युटियस’ म्हणजे पिवळा. स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयात मागे राहिलेली फॉलिकलची, म्हणजे ज्यात बीज वाढतं ती, पिशवी पिवळसर होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला पीतपिंड म्हणतात. ती घडवणारं संप्रेरक म्हणून हे नाव. पुरुषांच्या शरीरातही अगदी हेच संप्रेरक असतं. तिथे ते वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं.

या रेणूच्या दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. अल्फा साखळी एलएच, फॉलिकल वाढवणारं एफएसएच, थायरॉइडला चालवणारं टीएसएच आणि गरोदरपणातलं एचसीजी या चौघांत सारखीच असते. वेगळेपण बीटात. त्यातही एलएच आणि एचसीजी यांचे बीटा एकमेकांच्या इतके जवळचे, की दोघेही पेशीवरच्या एकाच रिसेप्टरवर जाऊन बसतात. फरक टिकण्यात आहे. रक्तातलं एलएच तासाभरातच निम्म्यावर येतं, एचसीजीला त्यासाठी एक-दीड दिवस लागतो. हे लक्षात असू द्या, पुढे वारंवार कामाला येणार आहे.

एलएच नळाच्या धारेसारखं सतत वाहत नाही, ते ठोक्याठोक्याने सुटतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं संप्रेरक निघतं. पाळीच्या पहिल्या टप्प्यात साधारण दर ६० ते ९० मिनिटांनी, आणि बीज सुटल्यानंतरच्या टप्प्यात तीन-चार तासांनी. त्या प्रत्येक ठोक्यामागून एलएचचा एक ठोका येतो. म्हणून एकाच बाईचं रक्त तासाभराच्या अंतराने दोनदा घेतलं तरी आकडे जुळत नाहीत. मागच्या महिन्यात ६.४ होतं, या महिन्यात ८.१ आलं, म्हणून काळजी करण्यासारखं त्यात काही नसतं. (जीएनआरएचची रचना १९७१ साली उलगडली. त्यासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्याच पारितोषिकाचा उरलेला वाटा रोझलिन यॅलो यांना मिळाला, रक्तातली संप्रेरकं मोजणाऱ्या रेडिओइम्युनोअसे पद्धतीसाठी. एलएचला हुकूम देणारं संप्रेरक आणि एलएच मोजण्याची वाट, दोन्हींचा सन्मान एकाच वेळी झाला.)

आता उसळीबद्दल. महिन्यातले बहुतेक दिवस अंडाशयातलं इस्ट्रोजेन एलएचला लगाम घालून ठेवतं. फॉलिकल वाढत जातं तसं इस्ट्रॅडिओल (हेच मुख्य इस्ट्रोजेन) वाढतं. ते सुमारे २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर जाऊन जवळपास दोन दिवस टिकलं की गाडी उलटी फिरते, आणि जे संप्रेरक लगाम घालत होतं तेच टाच मारायला लागतं. मग पीयूषिका साठवलेलं एलएच एकदम सोडते. बऱ्याच जणींत हे पहाटे सुरू होतं. उसळी सुरू झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांनी, आणि शिखर गाठल्यापासून १० ते १२ तासांनी फॉलिकल फुटून बीज बाहेर येतं. दवाखान्यातल्या भाषेत ‘अंडं फुटलं’. बाहेर आलेलं बीज १२ ते २४ तासच फलनक्षम असतं. शुक्रजंतू मात्र गर्भाशयमुखाच्या पातळ स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून गर्भधारणेला अनुकूल दिवस सहा : बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच.

या ३६ तासांच्या गणिताचं मोल किती, हे जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या जन्मात दिसतं. इंग्लंडमधल्या ओल्डहॅममध्ये २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राउन जन्मली. हे घडवणारे डॉक्टर स्टेप्टो आणि शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी त्याआधी औषधं देऊन अनेक बीजं वाढवण्याचे प्रयत्न केले होते, त्यांत यश आलं नव्हतं. शेवटी त्यांनी औषधं बाजूला ठेवली आणि नैसर्गिक पाळीत वाढलेलं एकच बीज घ्यायचं ठरवलं. ते फुटण्याच्या आत काढायचं तर उसळी कधी सुरू झाली हे कळायलाच हवं. त्यासाठी दिवसातून अनेक वेळा लघवी तपासून त्यातलं एलएच मोजलं गेलं. आज मेडिकलच्या दुकानात मिळणारी पट्टी तेच काम पाच मिनिटांत करते.

त्या पट्टीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण चुका सगळ्यात जास्त तिथे होतात.

पट्टीच्या तळाशी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिद्रव्यं असतात, गुलाबी-जांभळा रंग त्या कणांचा. लघवी वर चढते, त्यातलं एलएच या प्रतिद्रव्यांना चिकटतं आणि सगळं मिळून पुढे सरकतं. ‘टी’ रेषेवर एलएचला पकडणारी दुसरी प्रतिद्रव्यं बसवलेली असतात, तिथे जितकं एलएच अडकेल तितका रंग गडद. ‘सी’ रेषा उरलेले कण अडवते. पट्टी नीट चालली, एवढंच ती सांगते. ‘सी’ उमटली नाही तर पट्टी टाकून द्या, ‘टी’ कितीही ठळक असो.

आता सगळ्यात मोठी गल्लत. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दुसरी रेषा अगदी पुसट दिसली तरी तिला अर्थ असतो, कारण गरोदर नसताना लघवीत एचसीजी जवळजवळ नसतंच. एलएच मात्र रोजच थोडंफार असतं. त्यामुळे पुसट ‘टी’ महिनाभर दिसू शकते, आणि ती निगेटिव्हच धरायची. ‘टी’ ही ‘सी’एवढी गडद किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. दोन रेषा दिसल्या म्हणून पाळीच्या नवव्या दिवशी घाई करणारी आणि खऱ्या दिवशी थांबलेली जोडपी खूप असतात. बहुतेक साध्या पट्ट्यांची मर्यादा २५ एमआययू प्रति मिलिलिटर असते, काहींची २० तर काहींची ४०. पाकिटावर ती छापलेली असते. ब्रँड बदलला की मर्यादाही बदलू शकते, म्हणून एका महिन्यात एकच ब्रँड वापरा.

सुरुवात कधी करायची? मागच्या सहा महिन्यांतली सगळ्यात छोटी पाळी घ्या. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजा आणि त्यातून १७ वजा करा. २८ दिवसांची पाळी असेल तर अकरावा दिवस, २६ ची असेल तर नववा, ३२ ची असेल तर पंधरावा. ‘चौदाव्या दिवशी अंडं फुटतं’ हे पक्कं डोक्यात ठेवून तेराव्या दिवशी पहिली पट्टी काढणाऱ्या बाईची उसळी आधीच होऊन गेलेली असू शकते. पाळी २५ ते ४५ दिवसांत कधीही येत असेल तर पट्ट्या खूप लागतात आणि हाती फार थोडं येतं. अशा वेळी सोनोग्राफीचाच रस्ता बरा.

वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यानची चांगली. उसळी पहाटे सुरू झाली तर ती लघवीत उतरायला काही तास जातात, म्हणून साध्या पट्टीसाठी उठल्याउठल्याची लघवी नको. काही डिजिटल किटना मात्र पहिलीच लघवी लागते, तिथे किटमधल्या कागदाचं ऐका. तपासणीआधी दोन तास फार पाणी पिऊ नका, आणि जमेल तर त्याआधीचे तीन-चार तास लघवी रोखा. एप्रिल-मेमध्ये तांब्याभर ताक आणि दोन ग्लास सरबत घेऊन तासाभरात पट्टी बुडवली तर लघवी इतकी पातळ असते, की खरी उसळीही पुसट दिसते. रेषा कालच्यापेक्षा गडद होऊ लागली की त्या दिवसापासून दोनदा तपासा, सकाळी अकराला आणि रात्री आठच्या सुमारास. काही जणींची उसळी अर्ध्या दिवसातच ओसरते. रोज एकदाच पाहिलं तर ती दोन पट्ट्यांच्या मधून निसटते.

कोरड्या स्वच्छ कपात लघवी घ्या. पट्टी ‘मॅक्स’ खुणेच्या वर बुडू देऊ नका. कागदावर लिहिलेले सेकंद मोजा आणि ती सपाट ठेवा. कॅसेट असेल तर ड्रॉपरने सांगितलेले तेवढेच थेंब. वाचायचं ते पाच ते दहा मिनिटांत. वाळलेली पट्टी संध्याकाळी कपाटातून काढून पाहिली तर रेषा गडद झालेली दिसते, तिला अर्थ नाही. रोज त्याच मिनिटाला, त्याच उजेडात फोटो काढून ठेवलात तर चढ डोळ्यांना दिसतो. पट्ट्या ३० अंशांच्या आत आणि कोरड्या जागी ठेवायच्या असतात, बाथरूमच्या फळीवर नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर पाकीट फोडायचं ते अगदी वापरण्याच्या क्षणीच. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी रंग नीट ओढत नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर काय? त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध ठेवावेत, हे ठीकच. पण गर्भधारणेची शक्यता सगळ्यात जास्त असते ती बीज सुटण्याआधीच्या दोन दिवसांत, आणि पट्टी त्यातला बराचसा वेळ निघून जाताना बोलते. म्हणून पट्ट्या सुरू करता त्या दिवसापासूनच दिवसाआड संबंध असू द्या. पट्टी पॉझिटिव्ह येईपर्यंत ‘साठवून’ ठेवण्याचा सल्ला अजून दिला जातो. त्याने फायदा होत नाही, दोघांवरचा ताण तेवढा वाढतो. आणि याच कारणासाठी पट्टी गर्भनिरोधक म्हणून कधीही वापरू नका. शुक्रजंतू पाच दिवस टिकतात आणि पट्टी इशारा देते जेमतेम दीड दिवस आधी.

पट्टी महिनाभर पॉझिटिव्ह आलीच नाही, तर पहिली शंका वेळेची आणि पातळ लघवीची घ्या. ती दुरुस्त करूनही दोन-तीन महिने तसंच राहिलं तर बीज सुटतं का हे पाहायला हवं. एक दुर्मीळ शक्यताही आहे. काही जणांच्या एलएचच्या बीटा साखळीत जनुकीय बदल असतो आणि काही प्रतिद्रव्यं तो ओळखत नाहीत. एलएच काम चोख करत असतं, चाचणीला मात्र दिसत नाही. पाळ्या नियमित, सोनोग्राफीत अंडं फुटलेलं दिसतं, आणि रिपोर्टमध्ये एलएच जवळपास शून्य, असा विसंगत प्रकार दिसला तर दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर तेच रक्त तपासून घ्यावं.

उलट बाजूला, पट्टी चार-पाच दिवस सलग किंवा महिन्यातून दोन-तीनदा पॉझिटिव्ह येत असेल तर बहुधा पीसीओडी असतो. तिथे एलएचची रोजची पातळीच चढी, त्यामुळे उसळीविनाही मर्यादा ओलांडली जाते. पीसीओडी असलेल्या बाईने केवळ पट्टीवर भिस्त ठेवणं मला पटत नाही. पाळी थांबण्याच्या वयात किंवा अंडाशय लवकर थकले असतील तरीही एलएच सतत चढं असतं. आणि गरोदरपणातही पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण ती एचसीजीला एलएच समजते. पाळी चुकलेली आणि एलएचची पट्टी गडद, असं दिसलं तर प्रेग्नन्सी टेस्ट करा. बीज वाढवण्यासाठी देतात ते क्लोमिफेन घेत असाल तर त्या गोळ्यांनीच एलएच वर जातं. शेवटच्या गोळीनंतर किमान तीन दिवस जाऊ द्या. तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत गोळ्या असतील तर पट्टी दहाव्या दिवसाच्या आधी नको.

आणखी एक गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. पट्टी पॉझिटिव्ह येणं म्हणजे वरून हुकूम सुटला. अंडाशयाने तो पाळला की नाही, हे पट्टीला ठाऊक नसतं. उसळी येते, फॉलिकलची भिंत पिवळीही होते, त्यातून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकही वाढतं, पण फॉलिकल फुटत नाही आणि बीज आतच राहतं, असंही होतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर त्याला एलयूएफ लिहितात. याचं एक टाळता येण्यासारखं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यांसारखी औषधं ज्या प्रोस्टाग्लँडिनना अडवतात, ती फॉलिकल फुटायलाही लागतात. कंबरदुखी किंवा संधिवातासाठी या गोळ्या रोज चालू असतील तर महिन्याच्या मध्याला काय करायचं हे डॉक्टरांशी आधीच बोला.

अंडं फुटलं याची खूण दोन ठिकाणी मिळते. एक, फॉलिक्युलर स्टडी. नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड योनिमार्गातून सोनोग्राफी. मोठं झालेलं फॉलिकल रोज साधारण दोन मिलिमीटर वाढतं आणि १८ ते २४ च्या दरम्यान फुटतं. नंतरच्या सोनोग्राफीत ते नाहीसं किंवा आक्रसलेलं दिसतं आणि गर्भाशयामागे थोडं पाणी साठलेलं असतं. दुसरी खूण रक्तातलं प्रोजेस्टेरॉन. याला ‘एकविसाव्या दिवसाची टेस्ट’ म्हणायची सवय पडली आहे आणि त्यातून फार रिपोर्ट वाया जातात. ही तपासणी पुढची पाळी अपेक्षित असते त्याच्या सात दिवस आधी करायची. २८ दिवसांच्या पाळीत तो दिवस एकविसावा येतो, ३५ दिवसांच्या पाळीत अठ्ठाविसावा. ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आलं तर बीज सुटल्याचं मानतात. ३५ दिवसांच्या पाळीत एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर आकडा कमी येणारच, आणि ‘अंडं बनत नाही’ असा शिक्का विनाकारण बसतो. एलयूएफमध्ये मात्र प्रोजेस्टेरॉनही फसवतं, तिथे सोनोग्राफीच लागते.

आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब पद्धत) उसळीची वाट पाहत नाहीत, ती बाहेरून आणतात. ‘अंडं फुटायचं इंजेक्शन’ म्हणजे एचसीजी, ५,००० किंवा १०,००० युनिट, नाहीतर २५० मायक्रोग्रॅमचं रीकॉम्बिनंट, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं. रिसेप्टर एकच असल्याने अंडाशय त्याला एलएचच समजतं. मग तेच गणित : आययूआय साधारण ३६ तासांनी, आयव्हीएफसाठी बीजं काढायची ती ३४ ते ३६ तासांच्या आत. म्हणून रविवारी रात्री दहाला घ्यायला सांगितलेलं इंजेक्शन दहालाच. उशीर झाला तर गप्प राहू नका, नेमकी वेळ दवाखान्यात कळवा, तिथे पुढची वेळ सरकवता येते. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं की बाहेर, हे खोक्यावर पाहा, सगळ्यांचं सारखं नसतं. आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत केलेली प्रेग्नन्सी टेस्ट इंजेक्शनमुळेच पॉझिटिव्ह दिसू शकते. चौदा दिवस थांबा.

आयव्हीएफमध्ये बरीच फॉलिकल्स वाढत असताना शरीराने स्वतःच उसळी आणली तर बीजं काढण्याआधीच फुटून जातात. ते अडवायला सेट्रोरेलिक्ससारखं इंजेक्शन देतात, बहुतेकदा ०.२५ मिलिग्रॅम रोज. फॉलिकल्स फारच जास्त झाली असतील तर शेवटचं इंजेक्शन एचसीजीऐवजी ट्रिप्टोरेलिन किंवा ल्युप्रोलाइडचं देतात. त्याने पीयूषिकेतलं स्वतःचं एलएच बाहेर येतं आणि लवकर ओसरतं. एचसीजी मात्र दिवसेंदिवस अंडाशयाला चेतवत राहतं, आणि त्यातूनच पोटात पाणी होणारा ओएचएसएस बळावतो. दोघांच्या टिकण्यातला तो फरक इथे जिवाशी संबंधित ठरतो.

आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची रक्ततपासणी. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो, आदल्या दिवशीचे डाग धरायचे नाहीत. एलएचबरोबर एफएसएच आणि इस्ट्रॅडिओल एकाच रक्तात हवं. इस्ट्रॅडिओल चढं असेल तर ते एफएसएचला दाबतं आणि कमी होत चाललेला बीजांचा साठा झाकला जातो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही तपासणी करण्यात अर्थ नाही, त्या एलएच आणि एफएसएच दोन्ही दाबून टाकतात. युनिट कुठे एमआययू प्रति मिलिलिटर असतं, कुठे आययू प्रति लिटर, आकडा तोच. रेंज मात्र मशीनवर ठरते. रोश कंपनीच्या इलेक्सिस पद्धतीत पहिल्या टप्प्यासाठी २.४ ते १२.६, उसळीच्या वेळी १४ ते ९५.६, दुसऱ्या टप्प्यात १ ते ११.४ आणि पाळी थांबल्यावर ७.७ ते ५८.५ अशी आहे. तुमच्या लॅबची वेगळी असू शकते.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. कित्येक मशीन बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्या घट्ट जोडीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असलं की एलएच, एफएसएच, टीएसएच खोटे कमी दिसतात आणि इस्ट्रॅडिओल, टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि फॉर्मवर तसं लिहा. याने एक चुकीचा रिपोर्ट आणि त्यामागून लागणाऱ्या चार नको त्या तपासण्या वाचतात.

‘एलएच एफएसएचच्या दुप्पट, म्हणजे पीसीओडी’ हा जुना ठोकताळा अजून चालतो. पीसीओडीत जीएनआरएचचे ठोके जलद पडतात आणि जलद ठोक्यांना एलएच जास्त, एफएसएच कमी सुटतं, हे खरं. पण पीसीओडीच्या निदानाच्या २००३ च्या रॉटरडॅम निकषांत हे गुणोत्तर नाही आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही नाही. वजन जास्त असलेल्या बऱ्याच जणींत ते सरळ असतं. निदान तीनपैकी दोन गोष्टींवर होतं : अनियमित पाळ्या, पुरुषी संप्रेरकांची वाढ, आणि सोनोग्राफीतले तसे अंडाशय (किंवा प्रौढ स्त्रीत वाढलेलं एएमएच, म्हणजे लहान फॉलिकल्समधून येणारं संप्रेरक). थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) यांसारखी दुसरी कारणं आधी वगळावी लागतात. गुणोत्तर एकास एक आलं म्हणून पीसीओडी नाही असं ठरत नाही, आणि दुप्पट आलं म्हणून आहे असंही नाही.

पाळी थांबलेली आणि एलएच, एफएसएच दोन्ही खाली असतील तर नजर वर न्यायची, मेंदूकडे : झपाट्याने घटलेलं वजन, अती व्यायाम, मोठा ताण, वाढलेलं प्रोलॅक्टिन, पीयूषिकेची गाठ. आपल्याकडे आणखी एक प्रश्न आवर्जून विचारायला हवा : बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, आणि त्यानंतर दूध आलंच नाही का? पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होते, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. पाळी न येणं हे त्यातलं एक लक्षण. थकवा, थंडी न सोसणं, रक्तदाब उतरणं हेही त्याचेच भाग, आणि कॉर्टिसॉलची कमतरता जीवघेणी ठरू शकते. दोन्ही आकडे वर असतील तर दोष अंडाशयात. चाळिशीच्या आत असं आढळलं तर ते गांभीर्याने घ्या. मूल हवं की नको हा प्रश्न वेगळा, हाडं आणि हृदय सांभाळण्यासाठीही उपचार लागतात.

लहान मुलींत आठ वर्षांच्या आत किंवा मुलांत नऊच्या आत वयात येण्याची चिन्हं दिसली, तर एलएच हीच पहिली कामाची तपासणी. संवेदनशील पद्धतीने मोजलेलं एलएच ०.३ च्या वर असेल तर मेंदूकडून खरीच सुरुवात झाल्याचा संशय बळावतो. शंका उरली तर इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात, ५ च्या वर गेलं तर उत्तर सहसा होय.

पुरुषांचं एलएच फार कमी वेळा तपासलं जातं, आणि ते चुकीचं आहे. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर ते कशामुळे, हे एलएचशिवाय कळत नाही. रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्या. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच चढं असेल तर वृषणात दोष, क्लाइनफेल्टरसारखं (पुरुषात जास्तीचं एक्स गुणसूत्र) कारण त्यात येतं. दोन्ही कमी असतील तर पीयूषिकेकडे पाहायचं, किंवा जिमच्या पिशवीकडे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, आणि तो एलएच-एफएसएच बंद करतो. रक्तातला टेस्टोस्टेरॉनचा आकडा उत्तम दिसतो, दंड भरतात, पण वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन खूप घटतं आणि वीर्यात शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. एलएच ०.१ च्या खाली आणि टेस्टोस्टेरॉन भरपूर, अशी जोडी दिसली की डॉक्टरांनी हा प्रश्न एकांतात, न रागावता विचारावा. बायकोसमोर किंवा आईसमोर खरं उत्तर मिळत नाही. मूल हवं असलेल्या पुरुषाला ‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देणं ही तर सरळ चूक. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांत शुक्रजंतू परत येतात, पण सहा महिने ते वर्षभर, कधी दोन वर्षंही लागतात. नवा शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिने जातात, म्हणून थांबवल्यानंतर दर महिन्याला वीर्यतपासणी करून निराश होऊ नका. पहिली तीन महिन्यांनी करा, आणि त्याच दिवशी सकाळी एलएचही पाहा. शुक्रजंतू दिसायच्या आधी ते वर येतं.